ब्लॉगलेखक आणि समाजमाध्यमांतून येणारा वाचक : लाभ-हानीचा ऐतिहासिक आढावा (१९९७ ते २०२३)

प्रस्तावना

मराठी नियतकालिकांच्या इतिहासात 'वर्गणीदार' हा शब्द केवळ आर्थिक व्यवहाराचा निदर्शक नाही. १८३२ मध्ये 'दर्पण' सुरू झाले, तेव्हापासून पुढे दीर्घकाळ नियतकालिकांचे आयुष्य वर्गणीदारांच्या यादीवर अवलंबून राहिले. संपादकाजवळ वाचकाचे नाव व पत्ता असे. अंक कोणाकडून येतो हे वाचकास ठाऊक असे. वर्गणी थकली तरी नाते तुटत नसे. लेखक, प्रकाशक व वाचक यांच्यामधील ही ओळख हा मुद्रित संस्कृतीचा एक मूलभूत घटक होता.

विसाव्या शतकाच्या अखेरीस महाजालावर ब्लॉग हा लेखनप्रकार उदयास आला, तेव्हा ही यादी नाहीशी झाली. ब्लॉगला वर्गणी नव्हती आणि वाचकाचा पत्ताही नव्हता. एखादी व्यक्ती ब्लॉगवर येई ती बहुधा अन्य कोणीतरी दाखविलेल्या दुव्यावरून. हा 'अन्य कोणी' मात्र पुढील पंचवीस वर्षांत बदलत गेला. प्रथम तो दुसरा ब्लॉगलेखक होता. नंतर दुवे एकत्र करणारी संकेतस्थळे आली. त्यांची जागा समाजमाध्यम कंपन्यांनी घेतली आणि अखेरीस खाजगी संदेशसेवांनी. एकाने दुसऱ्यास दुवा वा मजकूर पाठविल्यामुळे लेखनाकडे वळणाऱ्या या वाचकसमूहास प्रस्तुत निबंधात 'सामाजिक वाचकओघ' असे म्हटले आहे.

सामाजिक वाचकओघाचे फायदे-तोटे हा विषय सामान्यतः व्यावसायिक सल्ल्याच्या स्वरूपात मांडला जातो. त्याकडे इतिहासाच्या दृष्टीने पाहिल्यास वेगळे चित्र दिसते. लाभ आणि हानी हे या ओघाचे कायमचे गुणधर्म नाहीत. वाचकाकडे जाणारी वाट कोणाच्या ताब्यात आहे, यावर ते प्रत्येक कालखंडात ठरत गेले. मराठीसारख्या भाषेत लिहिणाऱ्या ब्लॉगलेखकाच्या बाबतीत तर हा हिशोब इंग्रजी ब्लॉगलेखकाच्या हिशोबाहून मुळातच भिन्न होता. या दोन विधानांची तपासणी करणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे. त्यासाठी विषयाची मांडणी चार कालखंडांत केली असून हे कालखंड काही प्रमाणात परस्परांत मिसळलेले आहेत.

१. लेखकाने लेखकाकडे पाठविलेला वाचक

'वेबलॉग' हा शब्द जॉर्न बार्जर यांनी डिसेंबर १९९७ मध्ये आपल्या संकेतस्थळासाठी वापरला. १९९९ मध्ये पीटर मेरहोल्झ यांनी त्याची गमतीने फोड केली आणि त्यातून 'ब्लॉग' हे संक्षिप्त रूप रूढ झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पायरा लॅब्ज या छोट्या कंपनीने 'ब्लॉगर' ही सेवा सुरू केली. त्यामुळे संगणकशास्त्राचे ज्ञान नसलेल्या व्यक्तीलाही स्वतःचे लेखन प्रसिद्ध करणे शक्य झाले. फेब्रुवारी २००३ मध्ये ही कंपनी गूगलने विकत घेतली.

या आरंभीच्या काळात ब्लॉगचे स्वरूपच दुवे देण्याचे होते. महाजालावर काय वाचनीय आढळले याची ती नोंदवही होती. पानाच्या कडेला आवडत्या ब्लॉगांची यादी असे. २००० च्या सुमारास प्रत्येक नोंदीस स्वतंत्र व कायम पत्ता मिळू लागला. २००२ मध्ये 'मूव्हेबल टाइप' या प्रणालीने 'ट्रॅकबॅक' ही सोय आणली. आपल्या लेखाचा उल्लेख कोणी केला हे त्यामुळे मूळ लेखकास कळू लागले. याच सुमारास आरएसएस या तंत्राचा प्रसार झाला. ब्लॉगवर नवे लेखन आले की ते वाचकाच्या संगणकावर आपोआप पोहोचण्याची व्यवस्था त्यात होती. वर्गणीदाराची जुनी कल्पना या तंत्राच्या रूपाने काही अंशी पुन्हा अवतरली, असे म्हणता येईल.

या व्यवस्थेतील वाचकओघ संख्येने अल्प, परंतु गुणाने भरीव होता. दुवा देणारा स्वतः लेखक असे. त्याने मूळ लेख वाचलेला असे आणि त्यावर दोन ओळी लिहिलेल्या असत. म्हणून येणारा वाचक संदर्भासह येई. या परस्परतेचे सामर्थ्य डिसेंबर २००२ मध्ये अमेरिकेत दिसून आले. सिनेटमधील रिपब्लिकन पक्षाचे नेते ट्रेंट लॉट यांनी स्ट्रॉम थर्मंड यांच्या शंभराव्या वाढदिवसाच्या समारंभात, थर्मंड यांच्या १९४८ मधील वंशविभक्ततावादी अध्यक्षीय उमेदवारीची प्रशंसा करणारे उद्गार काढले. मोठ्या वृत्तपत्रांनी प्रारंभी त्याकडे फारसे लक्ष दिले नाही. जोशुआ मार्शल यांच्यासारख्या ब्लॉगलेखकांनी परस्परांच्या नोंदींचा हवाला देत हा विषय जिवंत ठेवला. अखेर २० डिसेंबर २००२ रोजी लॉट यांना पक्षनेतेपद सोडण्याची घोषणा करावी लागली.

भारताच्या संदर्भात २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीचे उदाहरण महत्त्वाचे आहे. मुंबईतील काही ब्लॉगलेखकांनी त्याच दिवशी एक सामूहिक ब्लॉग सुरू केला. त्यावर बेपत्ता व्यक्तींची माहिती, मदतकेंद्रांचे पत्ते व स्वयंसेवकांची निवेदने एकत्र येऊ लागली. जगभरातील ब्लॉगलेखकांनी त्याचे दुवे दिल्यामुळे अवघ्या काही दिवसांत हा ब्लॉग आंतरराष्ट्रीय वृत्तसंस्थांचा माहितीस्रोत बनला. जाहिरात, भांडवल किंवा संस्था पाठीशी नसताना हे घडले. सामाजिक वाचकओघाच्या लाभाचे याहून निर्विवाद उदाहरण क्वचितच सापडेल.

परंतु ही व्यवस्था समतेची होती असे मानणे चुकीचे ठरेल. क्ले शर्की यांनी फेब्रुवारी २००३ मध्ये ४३३ ब्लॉगांचे विश्लेषण केले. एकूण दुव्यांपैकी जवळजवळ निम्मे दुवे आघाडीच्या केवळ ५० ब्लॉगांकडे जात असल्याचे त्यांना आढळले. ज्याच्याकडे दुवे अधिक, त्यालाच नवे दुवे मिळण्याचा संभव अधिक. कोणाचाही दुष्ट हेतू नसताना विषमता निर्माण होते, हा शर्की यांच्या विवेचनाचा मथितार्थ होता. सामाजिक वाचकओघाचा पहिला दोष त्याच्या सर्वांत निरोगी काळातच दिसून आला, ही बाब लक्षणीय आहे.

दुसरा इशारा जुलै २००६ मध्ये मिळाला. ११ जुलैच्या मुंबईतील लोकलगाड्यांमधील बॉम्बस्फोटांनंतर केंद्र शासनाने काही मोजकी पाने रोखण्याचा आदेश दिला. तो अमलात आणताना अनेक सेवादात्यांनी ब्लॉगस्पॉटवरील सर्वच ब्लॉग बंद केले. काही दिवसांत ते पूर्ववत झाले. परंतु ज्या घरात लेखन ठेवले आहे ते घर भाड्याचे आहे, याची जाणीव भारतीय ब्लॉगलेखकांना त्या आठवड्यात प्रथमच इतक्या स्पष्टपणे झाली. पुढील काळात घराबरोबर घराकडे येणारी वाटही भाड्याची झाली.

२. संग्राहक संकेतस्थळे आणि अकस्मात येणारी गर्दी

दुव्यांच्या देवघेवीस समांतर अशी दुसरी व्यवस्था १९९७ पासूनच आकार घेत होती. त्या वर्षी रॉब माल्डा यांनी 'स्लॅशडॉट' सुरू केले. तंत्रज्ञानविषयक बातम्यांचे दुवे देणाऱ्या या स्थळावर एखाद्या लहान संकेतस्थळाचा उल्लेख झाला की हजारो वाचक एकाच वेळी तेथे धावत आणि ते संकेतस्थळ कोलमडे. 'स्लॅशडॉट परिणाम' हा वाक्प्रयोग त्यातून रूढ झाला. स्वतःच्या खर्चाने जागा घेतलेल्या लेखकास या लोकप्रियतेचे देयकही भरावे लागे, कारण वाहून नेलेल्या विदेच्या प्रमाणात आकारणी होत असे.

२००३ मध्ये जोशुआ शॅक्टर यांनी 'डिलिशस', २००४ च्या अखेरीस केव्हिन रोझ व सहकाऱ्यांनी 'डिग' आणि जून २००५ मध्ये स्टीव्ह हफमन व अलेक्सिस ओहानियन यांनी 'रेडिट' सुरू केले. 'स्टंबलअपॉन' ही सेवा त्याआधीच अस्तित्वात होती. कळ दाबली की वाचकाच्या आवडीचे एखादे अनपेक्षित पान ती समोर आणी. या सर्व स्थळांवर निवड संपादक करीत नसे. सभासद मते देत आणि मतांच्या बळावर दुवा पहिल्या पानावर चढे. अज्ञात ब्लॉगलेखकाचा लेख एका रात्रीत लाखभर लोकांपुढे जाणे आता शक्य झाले. प्रस्थापितांच्या यादीत नाव नसलेल्यास हा मोठाच दिलासा होता.

मात्र मताधिष्ठित निवडीत गुणवत्तेचा निकाल लागतोच असे नाही. मॅथ्यू सालगानिक, पीटर डॉड्ज व डंकन वॉट्स यांनी १४ हजारांहून अधिक व्यक्तींवर केलेला प्रयोग २००६ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अपरिचित गाणी निवडताना काही गटांना इतरांची पसंती दाखविण्यात आली, एका गटाला दाखविण्यात आली नाही. जेथे इतरांची पसंती दिसत होती तेथे लोकप्रिय व अप्रिय गाण्यांतील अंतर वाढले. इतकेच नव्हे, तर प्रत्येक गटात वेगळीच गाणी आघाडीवर आली. अत्यंत उत्तम गाणे सहसा तळाला गेले नाही व अत्यंत सुमार गाणे सहसा शिखरावर चढले नाही. त्यामधील मोठ्या पट्ट्यात मात्र काहीही घडू शकत होते. ब्लॉगलेखनाच्या बाबतीत याचा अर्थ असा की, बहुसंख्य लेखकांना मिळणारे यश वा अपयश हा त्यांच्या लेखनाविषयीचा निवाडा नव्हता. तरीही लेखक तो निवाडाच समजत, आणि पुढचे लेखन त्यानुसार बदलत.

या स्थळांचे आयुष्यही अनिश्चित होते. ऑगस्ट २०१० मध्ये डिगने आपल्या रचनेत आमूलाग्र बदल केला. नाराज सभासद मोठ्या संख्येने रेडिटकडे गेले आणि जुलै २०१२ मध्ये डिग अत्यल्प किमतीत विकले गेले. स्टंबलअपॉन ३० जून २०१८ रोजी बंद झाले. ज्यांच्या वाचकांचा मोठा भाग या वाटांनी येत होता, त्या ब्लॉगलेखकांना वाट बंद झाल्यावर आपल्या वाचकांशी संपर्क साधण्याचे कोणतेही साधन उरले नाही.

३. समाजमाध्यम कंपन्यांचे युग

फेसबुकने सप्टेंबर २००६ मध्ये 'न्यूज फीड' सुरू केले, फेब्रुवारी २००९ मध्ये 'लाइक'ची सोय दिली आणि एप्रिल २०१० मध्ये ती बाहेरील संकेतस्थळांनाही उपलब्ध करून दिली. ट्विटरने नोव्हेंबर २००९ मध्ये रीट्वीटची कळ आणली. यानंतर जवळजवळ प्रत्येक ब्लॉगवर लेखाखाली या कळांची रांग दिसू लागली. ब्लॉगलेखकाने स्वतःच्या दाराशी परक्याची पाटी लावली, आणि ती लावताना कोणी सक्ती केलेली नव्हती.

लाभ प्रत्यक्ष होता. पूर्वी दुवा देण्यासाठी स्वतःचा ब्लॉग असावा लागे. आता कोणताही वाचक तो देऊ शकत होता. परदेशस्थ नातलग, जुने वर्गमित्र, ब्लॉग हा शब्दही न ऐकलेली मंडळी यांच्यापर्यंत लेखन पोहोचू लागले. पार्स्ली या मापनसंस्थेच्या नोंदींनुसार, तिच्या ग्राहक-प्रकाशनांकडे वाचक पाठविण्यात २०१५ मध्ये फेसबुकने गूगललाही मागे टाकले. याच काळात, १ जुलै २०१३ रोजी, गूगलने आपली 'रीडर' ही आरएसएस वाचनाची सेवा बंद केली. वर्गणीदाराच्या कल्पनेशी साम्य असलेले सर्वांत लोकप्रिय साधन त्यामुळे नाहीसे झाले. वाचक आता ब्लॉगकडे येत नव्हता, तर प्रवाहात वाहत आलेला एक लेख पाहत होता. लेखकाचे नाव न वाचताच पुढे जाणे त्यास सहज शक्य होते.

लेखनाच्या आशयावरही याचा परिणाम झाला. जोना बर्जर व कॅथरिन मिल्कमन यांनी 'न्यू यॉर्क टाइम्स'च्या सुमारे ७,००० लेखांचा अभ्यास करून २०१२ मध्ये निष्कर्ष मांडला की विस्मय, क्रोध व चिंता या प्रक्षोभक भावना जागविणारे लेख अधिक पाठविले जातात, तर खिन्नता निर्माण करणारे लेख कमी पाठविले जातात. या निष्कर्षाचा व्यावहारिक अर्थ अनेकांनी लवकरच ओळखला. मार्च २०१२ मध्ये सुरू झालेल्या 'अपवर्दी' या स्थळाने उत्सुकता ताणणाऱ्या शीर्षकांच्या बळावर दीड वर्षात प्रचंड वाचकवर्ग मिळविला. डिसेंबर २०१३ मध्ये फेसबुकने निवडीचे निकष बदलल्यावर दोन-तीन महिन्यांत तो जवळजवळ निम्म्यावर आला.

११ जानेवारी २०१८ रोजी मार्क झुकरबर्ग यांनी जाहीर केले की, फीडमध्ये यापुढे आप्तेष्टांच्या मजकुरास प्राधान्य व प्रकाशनांच्या मजकुरास दुय्यम स्थान राहील. महिलांसाठी सुखद कथा प्रसिद्ध करणारे 'लिटलथिंग्ज' हे स्थळ फेब्रुवारी २०१८ च्या अखेरीस बंद पडले आणि त्याच्या चालकांनी या बदलाकडे बोट दाखविले. ऑगस्ट २०२३ मध्ये कॅनडात, वृत्तप्रकाशकांना मोबदला देण्यासंबंधीच्या कायद्याला प्रत्युत्तर म्हणून, मेटाने फेसबुक व इन्स्टाग्रामवर बातम्यांचे दुवे दाखविणेच थांबविले. ऑक्टोबर २०२३ मध्ये एक्स या नावाने ओळखल्या जाऊ लागलेल्या ट्विटरने दुव्याबरोबर दिसणारे शीर्षक काही काळ काढून टाकले. वाचक कंपनीच्याच आवारात राहावा, हा या बदलांचा समान परिणाम होता. दुवा हा ब्लॉगयुगाचा प्राण होता. समाजमाध्यम कंपन्यांच्या दृष्टीने तो ग्राहक बाहेर नेणारी फट ठरला.

या निर्णयांना केवळ कंपन्यांचा लोभ असे म्हणून भागणार नाही. उथळ शीर्षकांना आवर घालणे आणि खोट्या बातम्यांचा प्रसार रोखणे हीही त्यामागील कारणे होती. सोरूश व्होसुघी, देब रॉय व सिनान अराल यांनी मार्च २०१८ मध्ये 'सायन्स'मध्ये दाखविल्याप्रमाणे, ट्विटरवर असत्य वार्ता सत्य वार्तांपेक्षा अधिक दूर व अधिक वेगाने पसरत होत्या. उपाय करणे आवश्यकच होते. परंतु उपायाचा आघात दोषी व निर्दोष यांच्यात भेद करीत नव्हता. आणि ज्याच्यावर आघात झाला त्यास दाद मागण्याची जागा नव्हती.

४. मोजमापाचा भ्रम

सामाजिक वाचकओघाचे आकर्षण मुख्यतः आकड्यांचे होते. लेखाखाली दिसणारी शेअरची संख्या ही जणू वाचकांची संख्या मानली जाई. हे समीकरण कितपत खरे होते?

चार्टबीट या मापनसंस्थेचे टोनी हेल यांनी मार्च २०१४ मध्ये मांडलेल्या माहितीनुसार, तपासलेल्या भेटींपैकी ५५ टक्के भेटींत वाचक पानावर १५ सेकंदांहूनही कमी काळ क्रियाशील होता. समाजमाध्यमांवर पाठविल्या गेलेल्या १०,००० लेखांच्या तपासणीत, लेख किती वेळा पाठविला गेला आणि तो किती लक्षपूर्वक वाचला गेला यांत संबंध आढळला नाही. कोलंबिया विद्यापीठ व फ्रान्समधील इन्रिया या संस्थेच्या संशोधकांनी २०१६ मध्ये ट्विटरवरील वृत्तदुव्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ५९ टक्के दुव्यांवर एकदाही टिचकी मारली गेली नव्हती. म्हणजे पाठविणाऱ्यांतील अनेकांनीही मूळ लेख उघडला नव्हता, असे अनुमान करावे लागते. पाठविणे ही वाचनाची पावती राहिली नाही. ती स्वतःच एक स्वतंत्र कृती बनली.

याउलट जे मोजले जात नव्हते ते मोठे होते. अलेक्सिस मॅड्रिगल यांनी ऑक्टोबर २०१२ मध्ये 'द अटलांटिक'मध्ये दाखवून दिले की, त्या नियतकालिकाच्या संकेतस्थळाकडे सामाजिक मार्गाने येणाऱ्या वाचकांपैकी निम्म्याहून अधिक वाचक ई-मेल व तत्काळ संदेश यांसारख्या, कोणत्याही नोंदीत न दिसणाऱ्या वाटांनी येत होते. एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीस आवर्जून पाठविलेला लेख हा या ओघाचा सर्वांत मौलिक भाग. आणि नेमका तोच लेखकाच्या दृष्टीआड राहिला. त्याचे परिणाम मराठीत ठळकपणे दिसतात.

५. मराठी ब्लॉगलेखकाचा वेगळा हिशोब

मराठी महाजालाचा प्रारंभ परदेशस्थ मराठी भाषकांच्या पुढाकाराने झाला. १९९६ पासून चालत आलेले 'मायबोली' आणि २००० नंतरच्या दशकातील 'मनोगत', 'उपक्रम', 'मिसळपाव' ही संकेतस्थळे लेखनाची व चर्चेची केंद्रे होती. त्या काळात अनेक मराठी वृत्तपत्रांची संकेतस्थळे स्वतःच्या स्वतंत्र टंकांत असत. त्यामुळे त्यांवरील मजकूर शोधयंत्रास वाचता येत नसे. युनिकोडचा प्रसार झाला आणि 'बरहा', 'गमभन' यांसारखी टंकलेखनाची साधने उपलब्ध झाली, तेव्हा सामान्य मराठी लेखक ब्लॉगकडे वळला. 'मराठी ब्लॉग विश्व' या संग्राहक स्थळावर नव्या नोंदी एकत्र दिसत आणि ब्लॉगलेखक परस्परांच्या लेखनावर प्रतिसाद देत. हा परस्परतेचा टप्पा मराठीत थोडा उशिरा आला आणि थोडक्या काळात आटोपला. कारण त्याच दशकाच्या अखेरीस फेसबुक येऊन ठेपले.

इंग्रजी ब्लॉगलेखकास सामाजिक वाचकओघातून नाव व पैसा असे दोन लाभ संभवत. गूगलची 'ॲडसेन्स' ही जाहिरातसेवा जून २००३ मध्ये सुरू झाली. परंतु जाहिराती स्वीकारण्यास मान्यता असलेल्या भाषांच्या यादीत हिंदीचा समावेश डिसेंबर २०१४ मध्ये झाला आणि मराठीचा त्यानंतर काही वर्षांनी. म्हणजे फेसबुकवरून येणारा ओघ ज्या वर्षांत ऐन भरात होता, त्या वर्षांत मराठी ब्लॉगलेखकास अधिकृत मार्गाने त्यातून उत्पन्न मिळण्याची वाटच बंद होती. लाख वाचक आले तरी हाती पडणारे एकच चलन होते, ते म्हणजे नाव. ही परिस्थिती ध्यानात घेतल्यावाचून पुढील हानीचे स्वरूप नीट समजत नाही.

२०१२ नंतर स्मार्टफोनचा प्रसार झाला व व्हॉट्सॲप हे मराठी समाजाचे प्रमुख वाचनस्थान बनले. तेथे दुवा पाठविण्यापेक्षा संपूर्ण मजकूर उतरवून पाठविण्याची रीत पडली. महागडी विदा व संथ जोडणी यांच्या काळात ती सोयीचीही होती. परंतु या रीतीत लेखकाचे नाव प्रथम गळून पडते. काही वेळा 'आवडले म्हणून पाठवीत आहे' एवढीच ओळ उरते. काही वेळा भलतेच नाव चिकटते, पु. ल. देशपांडे, व. पु. काळे यांच्या नावावर त्यांनी कधीही न लिहिलेले मजकूर वर्षानुवर्षे फिरत आले आहेत. मूळ लेखकास आपलाच लेख कौटुंबिक गटावर परक्याच्या नावाने वाचावयास मिळावा, हा प्रकार विरळा राहिलेला नाही.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५७ नुसार आपल्या कृतीचे कर्तृत्व सांगण्याचा विशेष अधिकार लेखकास आहे. हक्क विकल्यानंतरही तो अबाधित राहतो. परंतु संदेश कोणी प्रथम पाठविला, नाव कोठे गळले, हे शोधण्याचे साधन सामान्य लेखकापाशी नाही. कायदा अस्तित्वात आहे, प्रतिवादी मात्र सापडत नाही.

जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सॲपने दोन बदल केले. त्यामागे देशाच्या अनेक भागांत मुले पळविणाऱ्या टोळ्यांच्या अफवांतून झालेल्या हत्या होत्या. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भटक्या समाजातील पाच जणांचा जमावाने घेतलेला बळी हा त्यांतील एक. पुढे पाठविलेल्या संदेशावर 'फॉरवर्डेड' अशी खूण दिसू लागली व भारतात एका वेळी पाचच संवादांना संदेश पाठविण्याची मर्यादा आली. हे निर्बंध जीवितरक्षणासाठी होते व योग्य होते. लेखकाच्या प्रश्नास मात्र त्यांचा स्पर्श झाला नाही. मजकूर पाठविणाऱ्याचा नाही एवढे ती खूण सांगते. तो कोणाचा आहे हे सांगत नाही.

६. लाभ-हानीचा ताळेबंद

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

(१) सामाजिक वाचकओघाने अज्ञात लेखकास प्रस्थापित प्रकाशनव्यवस्थेच्या बाहेर वाचक मिळवून दिला. त्सुनामीच्या वेळचा मुंबईचा ब्लॉग असो वा दूरदेशी बसून लिहिणारा मराठी लेखक, हा लाभ खरा व ऐतिहासिक महत्त्वाचा आहे. तो नाकारणे म्हणजे संपादकाच्या टेबलावर लेखन अडून राहण्याचा काळ विसरणे होय.

(२) या ओघातील विषमता व यदृच्छा कोणत्याही एका कंपनीने निर्माण केलेली नाही. ती लेखकांच्या आपसांतील दुव्यांतही होती. कंपन्यांनी तिचा वेग वाढविला आणि नियंत्रण आपल्याकडे घेतले.

(३) संग्राहक स्थळे, फेसबुक व ट्विटर यांच्या इतिहासात एकच क्रम पुनःपुन्हा दिसतो. प्रथम विपुल वाचक, नंतर त्या वाचकावर बेतलेले लेखन, नंतर निकषांतील बदल, आणि अखेरीस वाचकाची अनुपस्थिती. हानी ओघ आटण्यात जेवढी आहे त्याहून अधिक ती मधल्या टप्प्यात आहे. ओघ आटला तरी त्याच्यासाठी बदललेली लेखणी पूर्वपदावर येतेच असे नाही.

(४) मराठी ब्लॉगलेखकास या व्यवहारात पैसा जवळजवळ मिळालाच नाही. नाव मिळण्याची शक्यता होती, आणि व्हॉट्सॲपवरील प्रसाराने तीच कमकुवत केली. वाचन वाढले आणि लेखक अदृश्य झाला. लहान भाषेतील लेखनासाठी ही हानी आर्थिक हानीहून गंभीर आहे, कारण पुढच्या पिढीच्या अभ्यासकास या काळाचे लेखन सापडेल, परंतु त्याचे कर्ते सापडणार नाहीत.

समारोप

२०१७ मध्ये स्थापन झालेल्या 'सबस्टॅक'सारख्या सेवांमुळे ई-मेलद्वारे थेट वाचकाकडे लेखन पाठविण्याची पद्धत पुन्हा रुजू लागली. लेखक वाचकांचे पत्ते जमवू लागले. वर्गणीदारांची यादी नव्या रूपात परत आली, असे याचे वर्णन करता येईल. मात्र नव्या लेखकाचे नाव त्या यादीतील वाचकास प्रथम कळते ते बहुधा कोणीतरी पाठविलेल्या दुव्यावरूनच. म्हणून सामाजिक वाचकओघ टाळणे हा उपाय नव्हे. आलेल्या गर्दीतून ज्यांनी थोडे वाचक आपल्या यादीत जोडून घेतले, त्यांचे लेखन मधली वाट बंद झाल्यावरही वाचले जाऊ शकते. ज्यांनी गर्दीलाच वाचकवर्ग मानले त्यांच्याजवळ जुने आकडे उरतात.

या प्रश्नाचा एक भाग लेखकाच्या हाती नसून वाचकाच्या हाती आहे. आवडलेला मजकूर पुढे पाठविताना मूळ दुवा व लेखकाचे नाव कायम ठेवणे यास तंत्रज्ञान लागत नाही. महाविद्यालयांत शोधनिबंधाच्या संदर्भांविषयी जो काटेकोरपणा शिकविला जातो, तोच दैनंदिन वाचनव्यवहारात विद्यार्थ्यांच्या अंगवळणी पाडता आला, तर मराठी लेखनाच्या इतिहासातील हा कालखंड निनावी राहणार नाही. पंचवीस वर्षांचा हा इतिहास दाखवितो की वाटा बदलत राहिल्या आणि पुढेही बदलतील. लेख कोणत्याही वाटेने गेला तरी त्याच्यासोबत लेखकाचे नाव जावे, एवढी जबाबदारी मात्र वाचकास घेता येण्याजोगी आहे.